आठ नंबरचा गुडघा

आमच्या गोडाऊनमध्ये सगळ्यात खालच्या फळीला लाल टेप लावलेली आहे. तिथे गेलेला खोका परत वर येत नाही. आत माल नवाकोरा असतो, सील शाबूत असतं, कोबाल्ट-क्रोम धातूवर तोंड दिसेल इतकी चकाकी असते. लेबलावर वाळूच्या घड्याळाचं एक बारीकसं चिन्ह असतं आणि त्याच्या शेजारची तारीख मागे पडलेली असते, एवढंच.

आम्ही नागपुरात ऑर्थोपेडिक इम्प्लांट्स, म्हणजे कृत्रिम सांधे आणि हाडं जोडायच्या प्लेटा-स्क्रू, पुरवतो. धंतोली, रामदासपेठ, आणि बाहेर भंडारा-गोंदिया-यवतमाळपर्यंत. माझे दीर फील्ड बघतात, डॉक्टरांना भेटतात, ऑपरेशनच्या वेळी ओटीत (ऑपरेशन थिएटरात) उभे राहतात. गोडाऊन आणि हिशेब माझ्याकडे. त्यामुळे एक्स्पायरीही माझ्याकडे. महिनाअखेरीला मी वही आणि कॉम्प्युटर दोन्ही घेऊन बसते (कॉम्प्युटरवर माझा विश्वास आहे, पण बारकोड मारणाऱ्या पोरांवर तितका नाही) आणि पुढच्या सहा महिन्यांत मुदत संपणारा माल पिवळ्या स्टिकरखाली काढते. पिवळ्याचं काही झालं नाही की लाल.

गोडाऊन पाहायला आलेला प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो. आमच्या सीएंनी विचारला, घरमालकांनी विचारला, एसी दुरुस्तीला आलेल्या मुलाने विचारला. सामान उचलायला ठेवलेला मुलगा रामटेककडचा आहे. नवा होता तेव्हा लाल फळीसमोर उकिडवा बसून म्हणाला, "मॅडम, हे त नवीनच आहे. कायले फेकून राहिल्या तुम्ही? लोखंडाले कधी एक्स्पायरी असते का?"

प्रश्न अडाणी मुळीच नाही. अस्थी सावडायला गेलेल्यांना राखेत कधीकधी खुब्यातला सांधा सापडतो. धातूचा दांडा, त्याच्या टोकाला गोळा. हाडं फुटून त्यांचे तुकडे झालेले असतात, सांधा मात्र जसाच्या तसा, फार तर काळा-निळा पडलेला. लाकडाच्या चितेची आग त्याला पुरत नाही. त्याचं काय करायचं, अस्थींबरोबर पाण्यात सोडायचा की बाजूला ठेवायचा, यावर तिथेच दबक्या आवाजात चर्चा होते आणि घाटावरचा जाणता माणूस काय तो निर्णय देतो. युरोपात दहनभूमींतून असा धातू गोळा करून वितळवणारी ऑर्थोमेटल्स नावाची एक डच कंपनी १९९७ पासून चालू आहे. आता बघा, माणसाच्या शरीरात पंधरा-वीस वर्षं चाललेला, वरून आगीतून पार झालेला हा सांधा ज्या खोक्यातून आला होता, त्या खोक्यावर मुदत होती पाच वर्षांची. हे कुणालाही चमत्कारिकच वाटणार.

ती तारीख धातूची नसतेच. ती पाकिटाची असते. साध्या प्लेटा आणि स्क्रू बहुतेक वेळा निर्जंतुक न करताच येतात. हॉस्पिटल त्यांना ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, काढून वापरतं. त्यांच्यावर सहसा मुदत नसतेच, आणि त्या आमच्याकडे वर्षानुवर्षं निवांत पडून असतात. मुदत असते ती कारखान्यातूनच निर्जंतुक होऊन आलेल्या मालावर. खोका उघडला की आत एकात एक अशा दोन प्लास्टिकच्या वाट्या असतात आणि प्रत्येकीवर टायवेकचं झाकण चिकटवलेलं असतं. टायवेक दिसायला कागदासारखा, पण असतो प्लास्टिकच्या बारीक तंतूंचा. वायू आत-बाहेर जाऊ शकतो, जंतू जाऊ शकत नाहीत. बाहेरची वाटी ओटीतली फिरती सिस्टर उघडते, आतली वाटी हात धुऊन उभी असलेली सिस्टर उचलते. या दोन झाकणांचा चिकटा अमुक तारखेपर्यंत सुटणार नाही, हा कंपनीने दिलेला शब्द म्हणजे एक्स्पायरी. पुढच्या दिवशी तो सुटतो असं नाही. पुढच्या दिवसापासून त्याबद्दल कुणी शब्द दिलेला नसतो.

हा शब्द कंपनी कशाच्या जोरावर देते? नवा माल बाजारात आणायला पाच वर्षं थांबणं कुणालाच परवडत नाही. म्हणून पाकिटं ओव्हनमध्ये ठेवतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की जुनं होण्याचा वेग दुप्पट होतो, असं धरून चालतात. २५ अंशांवरचं एक वर्ष ५५ अंशांच्या ओव्हनमध्ये साधारण साडेसहा आठवड्यांत उरकतं. मग झाकणाच्या कडेला रंग सोडून तो आत झिरपतो का ते पाहतात, झाकण ओढून किती जोर लागतो ते मोजतात. शिवाय खरीखुरी पाच वर्षं फळीवर ठेवलेली पाकिटंही तपासतात, पण त्यांचा निकाल मागाहून येतो. आपल्याकडचे वैद्यकीय उपकरणांचे नियम २०१७ चे, १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेले. त्यांनुसार ही मुदत एरवी ६० महिन्यांपेक्षा जास्त देता येत नाही. जास्त हवी तर पुरावा द्या. काही आयात खोक्यांवर दहा वर्षं असतात, ती अशी.

दहा अंशांचा हा हिशेब मला दिरांनी सांगितला, आणि मी पहिल्यांदा काय केलं असेल तर गोडाऊनच्या भिंतीवर थर्मामीटर लावला. नागपूरचा मे महिना. बाहेर ४५, आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. त्या हिशेबाने उन्हाळ्यातला एक महिना म्हणजे कारखान्याच्या कागदावरचे कितीतरी महिने. तेव्हापासून आमच्याकडे माणसांच्या खोलीत कूलर आणि मालाच्या खोलीत एसी आहे. सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही. गाडीच्या डिकीत सेट ठेवून दुपारी जेवायला घरी येणाऱ्या फील्डच्या मुलांना मी ओरडते, आणि ती मुलं दिरांकडे जाऊन "वहिनी फार कडक आहेत" म्हणून तक्रार करतात. आहे.

पण तारखेचं खरं गांभीर्य धातूत नाही आणि झाकणातही नाही. ते आहे पॉलीमध्ये. गुडघा बदलतात तेव्हा मांडीच्या हाडाला धातूची टोपी बसते, नडगीच्या हाडावर धातूची बैठक बसते, आणि दोन्हींच्या मध्ये पांढऱ्या प्लास्टिकची एक गादी असते. तीच पॉली. अतिशय लांब साखळ्यांचं पॉलिथिलीन. चालताना घासतं ते हेच.

याची गोष्ट इंग्लंडमधल्या रायटिंग्टन हॉस्पिटलच्या जॉन चार्नलींपासून सुरू होते. खुब्याचा कृत्रिम सांधा आज ज्या रूपात आहे तो त्यांचा. त्यांनी आधी टेफ्लॉनची वाटी वापरली. निसरडी, सुंदर, आणि दोन-तीन वर्षांत झिजून वाट लागणारी. सुमारे ३०० रुग्णांना ती बसवली होती, त्यांतल्या बऱ्याच जणांची ऑपरेशनं पुन्हा करावी लागली. मग १९६२ साली पॉलिथिलीन आलं. ते वापरताना चार्नलींनी टेफ्लॉनचा आणि नव्या प्लास्टिकचा तुकडा स्वतःच्या मांडीत बसवून घेतला. काही महिन्यांनी टेफ्लॉनच्या जागी गाठ आली, पॉलिथिलीनच्या जागी काहीच झालं नाही. आजच्या कुठल्याही एथिक्स कमिटीने हे मंजूर केलं नसतं. मला मात्र ते आवडतं. माल विकण्याआधी स्वतःच्या अंगाला लावून बघणारा माणूस या धंद्यात विरळा.

पुढे पॉली निर्जंतुक करायला गॅमा किरण वापरू लागले. साध्या हवेतच, साध्या पाकिटात. किरणांनी जंतू मरतात, पण प्लास्टिकच्या साखळ्याही ठिकठिकाणी तुटतात आणि त्यांची मोकळी टोकं आत अडकून राहतात. पाकिटातला ऑक्सिजन हळूहळू आत शिरून त्या टोकांना धरतो. वर्ष, दोन वर्षं, पाच वर्षं. वरून गादी पांढरीशुभ्र, गुळगुळीत. कापून पाहिली तर पृष्ठभागाच्या जरा खाली एक फिकट पांढरा पट्टा. तिथे प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं. अशी गादी गुडघ्यात बसली की काही वर्षांत तिचे पापुद्रे निघतात. १९९०च्या दशकात काढलेले सांधे तपासताना हे लक्षात आलं, आणि त्यातली मला सगळ्यात विचित्र वाटलेली गोष्ट ही की शरीरात ऑक्सिजन हवेपेक्षा कमी असतो, त्यामुळे पॉलीला माणसाच्या गुडघ्यापेक्षा दुकानदाराची फळी जास्त बाधत होती. त्यानंतर कंपन्या निर्वात किंवा नायट्रोजन भरलेल्या पाकिटांकडे वळल्या.

प्रश्न मिटला असं वाटत असतानाच ऑगस्ट २०२१ मध्ये एक्झॅक्टेक या अमेरिकन कंपनीने गुडघ्याच्या आणि घोट्याच्या गाद्या परत मागवायला सुरुवात केली, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये हे प्रकरण वाढून जवळपास दीड लाख गाद्यांवर गेलं. दोष गादीत नव्हता. तिच्या निर्वात पाकिटात ऑक्सिजन अडवणारा एक थर असायला हवा, तोच अनेक वर्षं घातलेला नव्हता. त्या पाकिटांवर तारीख होती, आणि त्यातल्या कितीतरी गाद्या तारखेच्या आत बसवल्या गेल्या होत्या. म्हणजे तारीख पाळून सगळं भलं होतंच असं नाही. पण जिथे शब्द दिलेला असतानाही हे होऊ शकतं, तिथे शब्द संपल्यावर आतलं प्लास्टिक डोळ्यांनी बघून "ठीक आहे" म्हणणारे आपण कोण?

बाकीच्या मालाची कारणं वेगवेगळी. सांधा हाडात पक्का बसवायच्या सिमेंटमधला द्रव आपणहून घट्ट होऊ लागतो. लिगामेंटसाठी वापरतात ते विरघळणारे स्क्रू ओलाव्याने आधीच विरघळायच्या तयारीला लागतात. हृदयातल्या स्टेंटवर औषधाचा लेप असतो, तो आपल्या गतीने उतरतो. पेसमेकर खोक्यात पडल्या पडल्या बॅटरी खात असतो. त्यामुळे "एक्स्पायर्ड इम्प्लांट" म्हणून एकच गठ्ठा बांधून त्यावर एकच मत देता येत नाही.

आता मूळ दुखणं.

गुडघ्याची मापं असतात. आमच्याकडच्या एका कंपनीची एक ते आठ. डावा वेगळा, उजवा वेगळा. म्हणजे मांडीकडच्या टोपीचेच सोळा खोके. नडगीच्या बैठकीची मापं निराळी, आणि पॉलीच्या प्रत्येक मापात चार-पाच जाड्या. एका बाईचा एक गुडघा बदलायचा तर ओटीत हा सगळा बाजार मांडावा लागतो. त्यातले तीन खोके उघडले जातात, बाकीचे चलनावर परत येतात. आमच्याकडे गुडघा बदलून घेणाऱ्यांत साठीच्या पुढच्या बायकाच जास्त, आणि चणीने लहान. दोन, तीन, चार नंबर पटापट संपतात. पाच जातो. सहा कधीमधी. आठ नंबर खोक्यात बसून भंडाऱ्याला जातो, परत येतो, यवतमाळला जातो, परत येतो. त्याने जितका विदर्भ पाहिला तितका मी पाहिलेला नाही.

चपलेच्या दुकानात अकरा नंबर नसला तर दुकानदार हात वर करतो आणि गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. आम्हाला ती सोय नाही. एक्स-रेवरून मापाचा अंदाज येतो, पण तो एखाद्या नंबराने हुकू शकतो, आणि पक्कं माप कळतं ते गुडघा उघडल्यावर, ट्रायल, म्हणजे मापाचा नमुना, बसवून पाहिल्यावर. तेव्हा "आमच्याकडे नाही" म्हणता येत नाही. म्हणून कधीही न येणाऱ्या त्या सहा फुटी माणसासाठी आठ नंबर कायम तयार ठेवायचा. तो येत नाही, तारीख येते. आमच्या लाल फळीवर बहुतेक वेळा दोन्ही टोकांची मापं असतात, अगदी लहान आणि अगदी मोठी. मधल्या मापाची माणसं फळीवर जुनी होत नाहीत.

हे न येणाऱ्या माणसासाठी तयार असणं आहे, आणि त्याला पैसे पडतात. ते कोणी द्यायचे, हा प्रश्न मला लोखंडाच्या एक्स्पायरीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. मोठ्या हॉस्पिटलांत कंपनी स्वतःचा माल कन्साइनमेंटवर ठेवते. जे वापरलं त्याचंच बिल, बाकीची काळजी कंपनीची. आमच्यासारख्या लहान डीलरला मात्र बराचसा माल विकत घेऊन ठेवावा लागतो. मुदत संपत आली की बदलून देण्याच्या अटी करारात असतात, बारीक अक्षरात, आणि अट पूर्ण करण्याची वेळ येते तेव्हा त्या आणखी बारीक होतात. १६ ऑगस्ट २०१७ ला सरकारने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींना कमाल मर्यादा घातली, नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमच्या संचाला ५४,७२० रुपये. रुग्णांचं त्यात भलं झालं, याबद्दल माझं दुमत नाही. आधीच्या किमती ज्या होत्या त्या सांगायला आम्हालाच संकोच वाटायचा. पण न वापरल्या गेलेल्या आठ नंबराचा खर्च त्या आकड्यात कुठे बसतो हे कुणी विचारलं नाही. वर जीएसटीचा नियम असा की माल नष्ट केला की खरेदीवर घेतलेलं टॅक्स क्रेडिट, म्हणजे मिळालेली कराची वजावटही, परत भरायची. म्हणजे फेकायचेही पैसे.

आणि जिथे तोटा सगळ्यात लहान माणसावर पडतो, तिथे मोह तयार होतो. लेबल छापायचं मशीन फारसं महाग नाही. तारखेवर नवं स्टिकर चिकटवल्याच्या, आतली वाटी तशीच ठेवून खोका बदलल्याच्या गोष्टी या धंद्यात कानावर येतात. सांगणारा नेहमी दुसऱ्या शहराचं नाव घेतो. मी अशा माणसांची बाजू घेणार नाही. पण त्यांना नुसतं नालायक म्हणून विषय संपवणाऱ्यांनी एकदा लाल फळीवरच्या मालाची बेरीज करून पाहावी.

या सगळ्यात खरी पहारेकरी कोण असेल तर ओटीतली सिस्टर. खोका उघडण्याआधी ती मोठ्याने वाचते. डावा, नंबर अमुक, एक्स्पायरी तमुक. डॉक्टर मान हलवतात, मगच सील फुटतं. एका हॉस्पिटलात, नाव सांगण्याचं कारण नाही, रात्री एका अपघाताच्या रुग्णाचा सांधा बदलताना हॉस्पिटलच्याच कपाटातली पॉली निघाली. सिस्टरने वाचलं आणि थांबली. मुदत गेल्या महिन्यात संपलेली. गुडघा उघडा, मांडीला टुर्निके (रक्त थांबवणारा पट्टा, तो फार वेळ ठेवता येत नाही) बांधलेलं, घड्याळ चालू. डॉक्टर वैतागून म्हणाले, "अहो सिस्टर, गेल्या महिन्यात काय आणि या महिन्यात काय? वाटी बघा, कशी आहे!" सिस्टर म्हणाल्या, "सर, तुम्ही केसपेपरवर लिहून सही करा, मी उघडते."

डॉक्टरांनी सही केली नाही. त्यांनी आमच्याकडे फोन लावायला सांगितला. दीर शर्टाची बटणं जिन्यात लावत निघाले, आमच्याकडे ती जाडी नव्हती, ती त्याच कंपनीच्या दुसऱ्या डीलरकडे सीताबर्डीला होती. त्यांचं-आमचं एरवी फारसं बोलणं नाही. त्यांनी झोपेतून उठून शटर उघडलं, चलनसुद्धा मागितलं नाही. पॉली टुर्निकेच्या वेळेत पोचली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्या सिस्टरला सगळ्यांसमोर चहा पाजला असं दीर सांगतात. दिरांच्या गोष्टींत शेवटी नेहमी चहा असतो, तेव्हा तेवढा भाग मी सोडून देते.

सिस्टरने सही का मागितली हे मला फार नेमकं वाटतं. शब्द देणारा बदलतो आहे, कंपनीच्या जागी आता तुम्ही, तर तसं लिहा. खोक्यातून चार-पाच चिकट लेबलं निघतात, त्यातलं एक रुग्णाच्या फाइलला लागतं. त्यावर लॉट नंबर, म्हणजे कारखान्यातल्या त्या खेपेचा नंबर, असतो आणि तारीखही. ऑगस्ट २०१० मध्ये डेप्यू कंपनीने एएसआर नावाचा खुब्याचा सांधा जगभरातून परत मागवला, तेव्हा भारतात तो कुणाकुणाला बसवला होता याचा शोध घ्यायला लागले, आणि हजारो रुग्णांचा मागच लागला नाही. फायली नव्हत्या, पत्ते नव्हते. तेव्हापासून त्या चिकट लेबलाकडे मी जरा आदराने बघते. तुमच्या घरात कुणाचा सांधा बदलला असेल तर डिस्चार्जच्या कागदांत ते लेबल आहे का बघा, नसेल तर मागून घ्या.

याच्या उलट बाजूचं एक उदाहरण मला नेहमी छळतं. शिकागोकडच्या डॉक्टरांनी तिथल्या फ्युनरल होमांमधून, मृतांच्या शरीरातून नातेवाइकांच्या परवानगीने काढलेले पेसमेकर गोळा केले, बॅटरी पुरेशी शिल्लक आहे ते तपासलं, निर्जंतुक केले, आणि मुंबईच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये ५३ गरीब रुग्णांना ते फुकट बसवले गेले. २०११ मध्ये त्याचे निकाल छापून आले, आणि ते चांगले होते. एकदा वापरलेली, मेलेल्या माणसाच्या छातीतून निघालेली वस्तू जिवंत माणसाला चालते, आणि मी लाल फळीवरचा सीलबंद गुडघा निकामी करायला करवतीखाली घालते? रामटेकच्या मुलाने हे वाचलं तर तो मला काय म्हणेल?

मी स्वतःला देते ते उत्तर असं. तिथे एकेक वस्तू हातात घेऊन तपासली होती, कुणी तपासली त्याचं नाव होतं, आणि पेसमेकर कुठून आला हे लपवलेलं नव्हतं. लाल फळीवरच्या खोक्याचं यातलं काही करायची सोय माझ्याकडे नाही. पॉलीच्या आत पांढरा पट्टा आला का, हे ती न कापता मला कळणार नाही. आणि परत ऑटोक्लेव्ह करावी म्हटलं तर त्या उष्णतेने पॉली वाकडी होते. उद्या एखाद्या संस्थेने धातूचे भाग परत घेऊन, तपासून, नव्याने निर्जंतुक करून, नव्या तारखेसह आणि स्वतःच्या नावासह द्यायची रीतसर सोय काढली, तर माझी पूर्ण लाल फळी मी त्यांना नेऊन देईन. धातूबद्दल तो मुलगा बरोबरच बोलतो आहे.

तोवर करवत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत धातूचे इम्प्लांट निळ्या खुणेच्या डब्यात जातात, काचेच्या बाटल्यांबरोबर. निर्जंतुक करून पुढे रीसायकलिंगला. तो नियम मुख्यतः हॉस्पिटलांना डोळ्यांसमोर ठेवून केलेला. आमच्याकडचा न उघडलेला माल कंपनी परत घेते तेव्हा घेते, नाही तेव्हा आम्ही तो आधी निकामी करून, फोटो काढून, लॉट नंबरांची यादी जोडून कचरा नेणाऱ्या अधिकृत एजन्सीला देतो आणि त्यांचा दाखला फाइलला लावतो. निकामी करणं महत्त्वाचं. भंगारात गेलेली अखंड, चकचकीत टोपी कुठल्या खोक्यात परत जन्माला येईल सांगता येत नाही.

हिंगण्याच्या एमआयडीसीत ओळखीचे एक वर्कशॉपवाले आहेत, ते हे काम करून देतात. टायटॅनियमला ग्राइंडर लावला की लखलखीत पांढऱ्या ठिणग्या उडतात, दिवाळीत बघावं तशा. कोबाल्ट-क्रोम चिवट, चकत्या झिजवतो आणि वर्कशॉपवाल्यांच्या शिव्या खातो. मी मास्क लावून जाते आणि सगळ्यांना लावायला लावते, कारण कोबाल्टची धूळ फुप्फुसात जाणं चांगलं नाही. पहिल्यांदा एक संपूर्ण रिव्हिजनचा (आधीचा सांधा काढून पुन्हा बसवायचा) संच तिथे कापला तेव्हा वर्कशॉपवाल्यांनी किंमत विचारली होती. मी सांगितली. त्यांनी मशीन बंद करून पाणी प्यायलं आणि मग परत चालू केलं.

सगळंच करवतीखाली जात नाही. काही संच आम्ही निवासी डॉक्टरांच्या सरावाला देतो. प्लास्टिकच्या हाडांवर ते खरी टोपी बसवून शिकतात. द्यायच्या आधी प्रत्येक भागावर न पुसली जाणारी खूण कोरून घेतो, खोके आणि चिकट लेबलं काढून घेतो, आणि किती दिले ते लिहून ठेवतो. आठ नंबरला तिथे मान आहे. मोठा असल्यामुळे मागच्या रांगेतून नीट दिसतो.

पण हे सगळं मागून सावरणं झालं. तोटा फळीवर येण्याआधीच वाटून घेता आला पाहिजे. कंपनीने टोकाची मापं डीलरला विकूच नयेत, विभागात एका ठिकाणी ठेवावीत आणि लागेल तेव्हा फिरवावीत, असं मी कंपनीच्या माणसांना सांगत असते. ते वहीत लिहून घेतात. वही कुठे जाते माहीत नाही.

त्या रात्रीच्या पॉलीनंतर सीताबर्डीवाल्यांनी आणि आम्ही मिळून एक व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. आता त्यात अमरावती, अकोला, चंद्रपूरचेही डीलर आहेत. ज्यांच्याशी धंद्यात आमची ओढाताण असते तेच सगळे. नियम साधा: मुदत वर्षाच्या आत आली की माप, बाजू, लॉट आणि तारीख टाकायची. कुणाला लागलं तर खरेदीच्या भावात द्यायचं. माल एसटीच्या पार्सलने नाही, माणसाबरोबर जाईल, आणि बिल रीतसर होईल. कुणी सुप्रभातची फुलं टाकली तर त्याला काढायचं; एकाला काढलंही.

सोमवारी अकोल्याहून मेसेज आला, "आठ नंबर उजवा, सात महिने बाकी. कुणाकडे उंच पेशंट?" चंद्रपूरने लिहिलं, "इकडे सगळे तीन नंबर." मी आमचा डावा आठ टाकला, मुदत पाच महिने. सीताबर्डीवाल्यांनी विचारलं की बल्लारपूरला एका निवृत्त हवालदारांचे दोन्ही गुडघे पुढच्या महिन्यात करायचे आहेत, एक्स-रेवर सात वाटतो, आठही निघू शकतो, दोघांचे सेट एकत्र पाठवायचे का? अकोल्याने अंगठा दाखवला. मी लॉट नंबर तपासून पिवळं स्टिकर काढलं आणि चलन करायला घेतलं.